लॉगवाला एजंट बसवायचा, अपग्रेड करायचा, काढायचा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सर्व्हरच्या लॉगबद्दल (लॉग म्हणजे सर्व्हर आणि सॉफ्टवेअर काय काय करते त्याची ओळीओळीनं नोंद, आणि एजंट म्हणजे ती गोळा करून दुसरीकडे पाठवणारा छोटा प्रोग्राम) प्रश्न मागवले होते, तं नागपूरकरांनी भरभरून पाठवले, वाडी-हिंगण्यापासून आयटी पार्कापर्यंत. सारखे प्रश्न एकत्र केले, कंपन्यांची आणि वेंडरची नावं काढून टाकली. दोघांनी प्रश्नासोबत पासवर्डवाली कॉन्फिग फाइल जशीच्या तशी जोडून दिली होती. ती डिलीट केली आहे, पण त्यांनी पासवर्ड आजच बदलावा. बाप्पा, असं नका करत जाऊ राजेहो.

प्रश्न : दादा, वाडीला आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. बिल्टीचं आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर एकाच उबुंटू सर्व्हरवर चालते, समोर एनजिनेक्स हा वेब सर्व्हर. आता एका मोठ्या पार्टीच्या ऑडिटवाल्यानं लिहून पाठवलं की १८० दिवसांचे लॉग दाखवा. आमचा कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणते की यासाठी मोठं लॉग सॉफ्टवेअर लागते आणि त्याला वेगळा तगडा सर्व्हर लागते. खरंच एवढा खर्च आहे का?

उत्तर : भाऊ, १८० दिवस हे ऑडिटवाल्यानं मनानं नाही लिहिलं. सर्ट-इन म्हणून केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था आहे, तिनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, त्यात हे आहे. सगळ्या सिस्टिमचे लॉग सुरू ठेवायचे, मागचे १८० दिवस सांभाळायचे, आणि हॅकिंगसारखं काही झालं तर लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. ते फक्त मोठ्या आयटी कंपन्यांसाठी आहे असं बरेच जण समजतात पण त्यात 'बॉडी कॉर्पोरेट' हा शब्द आहे आणि आयटी कायद्यात त्याचा अर्थ बराच मोठा आहे, फर्म आणि एकट्याची प्रोप्रायटरशिपही त्यात येते.

आता खर्चाचं. पोराला म्हणा थोडा दम धर, आधी आपल्याकडे आत्ता काय आहे ते पाहू. उबुंटूत लॉगरोटेट नावाचा प्रकार आधीच चालू असतो, तो जुने लॉग फिरवत जाते आणि ठरलेल्या संख्येच्या पलीकडचे उडवते. सिस्लॉग (सिस्टिमचा मुख्य लॉग) आठवड्याला फिरवते आणि ४ ठेवते, एनजिनेक्सचे रोज फिरवते आणि १४ ठेवते. म्हणजे तुमच्याकडे आज एनजिनेक्सचे जेमतेम दोन आठवडे आहेत, आणि कितीही भारीतलं सॉफ्टवेअर आज बसवलं तरी मागचे साडेपाच महिने ते कुठून आणणार! ऑडिटवाल्याला तसं सरळ सांगून टाका की अमुक तारखेपासून ठेवायला सुरुवात केली, खोटे लॉग बनवायच्या भानगडीत पडू नका.

एका सर्व्हरसाठी माझं मत असं की इलास्टिक (लॉग साठवून शोधायचं मोठं सॉफ्टवेअर) वगैरेच्या मागे लागूच नका. लॉगरोटेटच्या फाइलीत १४ चे २०० करा, कॉम्प्रेस चालू ठेवा (एनजिनेक्सचे लॉग झिप झाल्यावर खूपच लहान होतात), आणि आरसिसलॉग हा लॉग लिहिणारा-पाठवणारा प्रोग्राम जो उबुंटूत आधीच असते त्यालाच सांगा की प्रत्येक ओळ ऑफिसमधल्या दुसऱ्या एखाद्या जुन्या मशीनवर पण पाठव, टीसीपीनं पाठव, यूडीपीनं नको कारण समोरचं मशीन बंद असलं तर यूडीपीवाली ओळ गेली ती गेली. एनजिनेक्सच्या फाइली वाचायला आरसिसलॉगचं आयएमफाइल नावाचं मॉड्यूल आहे. दुसऱ्या मशीनवर कॉपी हवीच, कारण घुसणारा माणूस आधी त्याच सर्व्हरवरचे लॉग पुसते. आणि घड्याळ बघा, त्याच निर्देशात लिहिलं आहे की वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळलेली पाहिजे, सरळ नाही तर त्यांच्याशी जुळलेल्या दुसऱ्या सर्व्हरकडून. एनआयसीच्या सर्व्हरचं नावच 'समय' आहे.

प्रश्न : सर, सगळं नीट बसवलं, लॉग पण जाऊन राहिले असं दिसते, पण किबानात (इलास्टिकमधले लॉग पाहायची स्क्रीन) 'मागची १५ मिनिटं' निवडलं की रिकामं. मग संध्याकाळी बघितलं तर सकाळचे दिसतात. काहून?

उत्तर : संध्याकाळी म्हणजे बरोबर साडेपाच तासांनी दिसत असतील, हो की नाही? तुमचं ॲप्लिकेशन भारतीय वेळ लिहिते पण ओळीत टाइमझोन लिहीत नाही, लॉग घेणारा सर्व्हर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजते, मग किबाना त्यात साडेपाच तास मिळवून दाखवते आणि सकाळी १० ची ओळ दुपारी साडेतीनच्या खात्यात जाऊन बसते. लॉग हरवले नाहीत, भविष्यात आहेत. किबानात वेळेची कक्षा उद्यापर्यंत ओढा, सापडतील. कायमचा इलाज म्हणजे लॉगस्टॅशच्या (मधे लॉग घेऊन नीट करणारा प्रोग्राम) डेट फिल्टरमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' लिहा, किंवा जमत असेल तर ॲप्लिकेशनलाच ओळीत +०५:३० लिहायला सांगा, ते जास्त चांगलं. सर्व्हरचं घड्याळ मात्र साडेपाच तास मागे करू नका, आमच्या ओळखीत एकानं ते पण करून पाहिलं आहे.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचं युनिट आहे. फाइलबीट ९ (इलास्टिकचा लॉग पाठवणारा एजंट) बसवलं, सर्व्हिस हिरवी आहे, सर्व्हरचे बाकी लॉग मस्त येऊन राहिले, फक्त वजनकाट्याचे येत नाहीत. काट्याच्या पीसीवर रोज तारखेच्या नावाची एक टेक्स्ट फाइल बनते, दर पाच मिनिटांनी आरसिंक (फाइल कॉपी करायची कमांड) करून सर्व्हरवर येते. दिवसाला पंधरा-सोळा गाड्या. गंमत अशी की ज्या दिवशी गर्दी असते त्या दिवशी संध्याकाळी अचानक सकाळपासूनच्या सगळ्या ओळी एकदम येतात, बाकी दिवशी कोरडं. वेंडर म्हणते काढून परत बसवा. दोनदा बसवलं, काही फरक नाही.

उत्तर : परत बसवून फरक पडणार पण नाही, काहून ते शेवटी सांगतो. आणि ती गर्दीच्या दिवसाची गोष्ट लिहिली ते बरं केलं, त्यातच सगळं आहे.

फाइलबीटला प्रत्येक फाइल ओळखावी लागते, की ही कालचीच आहे का नवीन, आणि कालचीच असेल तर कुठवर वाचली होती. आधी तो डिस्कवरचा आयनोड नंबर (प्रत्येक फाइलीला सिस्टिम देते तो) पाहून ओळखायचा. ९.० पासून त्याची डीफॉल्ट पद्धत बदलली, आता तो फाइलीच्या सुरुवातीच्या १०२४ बाइटचा ठसा घेते. आणि फाइल १०२४ बाइटची झालीच नाही तर ठसा घेता येत नाही, म्हणून तो तिला हातच लावत नाही, वाढायची वाट पाहते. तुमच्या फाइलीत एका गाडीची ओळ, म्हणजे गाडी नंबर, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन, धरा ५० बाइट. सोळा गाड्यांचे झाले ८००, वर हेडिंग, तरी हजाराच्या आतच. गर्दीच्या दिवशी वीस-एकवीस गाड्या झाल्या की १०२४ ओलांडते आणि पूर्ण फाइल भसकन येते. बाकी दिवशी रात्री १२ वाजता नवीन फाइल सुरू, जुनी कायमची अर्धवट. सॉफ्टवेअरच्या हिशोबानं सगळं ठीक चालू आहे, म्हणून सर्व्हिस हिरवी.

कोणी सांगेल की ठशाची लांबी कमी करा, ६४ बाइटपर्यंत करता येते. तुमच्याकडे ते करू नका. काट्याच्या फाइलीत वर कंपनीचं नाव आणि रकान्यांची हेडिंगं असतात आणि ती रोज तीच, मग सगळ्या दिवसांच्या फाइलींचा ठसा एकच येईल आणि फाइलबीट म्हणेल ही तर एकच फाइल आहे, नाव बदललं फक्त. जुनी आयनोडवाली पद्धत पण अडचणीची, कारण आरसिंक नेहमी बाजूला तात्पुरती फाइल बनवून मग जुनीच्या जागी ठेवते, म्हणजे फाइलीत गाडी वाढली की दर वेळी नवा आयनोड, दर वेळी अख्खी फाइल पहिल्यापासून वाचल्या जाते आणि सोळा गाड्यांच्या संध्याकाळपर्यंत शंभराच्या वर होतात. मालकानं तो रिपोर्ट पाहिला तं खुश होईल बिचारा.

तुमच्या फाइलींची नावं तारखेची आहेत, पुन्हा वापरल्या जात नाहीत, कोणी रोटेट करत नाही. अशा वेळी सगळ्यात सरळ म्हणजे फाइल आयडेंटिटी 'पाथ' ठेवा, स्कॅनरमधलं फिंगरप्रिंट एनेबल्ड फॉल्स करा (हे विसरलं तर लहान फाइली तरीही गाळल्या जातील), आणि आरसिंकला इनप्लेस लावा म्हणजे तो त्याच फाइलीत लिहील. ओळखायची पद्धत बदलली की जुन्या सगळ्या फाइली त्याला नवीन वाटतात, तं आधी त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा किंवा इग्नोर ओल्डर लावून घ्या.

आता परत बसवण्याचं. कुठवर वाचलं याची नोंद फाइलबीट /व्हार/लिब/फाइलबीट मध्ये रजिस्ट्री म्हणून ठेवते. कॉन्फिग /ईटीसी/फाइलबीट मध्ये. एपीटी (उबुंटूचं सॉफ्टवेअर बसवायचं-काढायचं साधन) रिमूव्ह केलं की यातलं काही जात नाही, फक्त प्रोग्राम जाते. मग परत बसवलं की तोच प्रोग्राम, तेच कॉन्फिग, तीच नोंद, तर फरक कुठून पडणार? आणि वेंडरनं उद्या रजिस्ट्री पण उडवायला सांगितली तर ऐकू नका, सर्व्हरवरचे सगळे लॉग पहिल्या ओळीपासून पुन्हा जातील. कोणताही लॉग गोळा करणारा एजंट हाती आला की पहिला प्रश्न हाच विचारत जा की हा नोंद कुठं ठेवते. बसवायची कमांड तर गुगलवर पण भेटते.

आणखी काही जणांनी 'हिरवं आहे पण येत नाही' एवढंच लिहिलं, त्यांच्यासाठी भराभर सांगतो: आधी फाइलबीट टेस्ट कॉन्फिग, मग फाइलबीट टेस्ट आउटपुट चालवा, दुसऱ्यात समोरच्या सर्व्हरपर्यंत पोचते की नाही, सर्टिफिकेट चालते की नाही ते तिथल्या तिथे कळते. वायएमएल फाइलीत टॅब नको, स्पेसच. कॉन्फिग फाइलीचा मालक रूट पाहिजे आणि दुसऱ्या कोणाला लिहायची परवानगी नको. प्रत्येक फाइलस्ट्रीमला वेगळा आयडी द्या, कॉपी-पेस्ट करताना एकच आयडी दोनदा राहून जाते. आणि डेबियन १२ वर /व्हार/लॉग/सिस्लॉग सापडत नसेल तर घाबरू नका, तिथं आरसिसलॉग आधीपासून येतच नाही, सगळं जर्नलमध्ये असते, जर्नलडीवाला इनपुट लावा.

प्रश्न : लोकीसाठी (ग्राफानाचं लॉग साठवायचं सॉफ्टवेअर) प्रॉमटेल हा एजंट बसवून राहिलो, सोपं वाटलं. चालेल न?

उत्तर : नवीन बसवत असाल तर नको. ग्राफानावाल्यांनी प्रॉमटेल फेब्रुवारी २०२५ मध्येच फक्त दुरुस्तीपुरतं ठेवलं आणि २ मार्च २०२६ ही त्याची शेवटची तारीख जाहीर केली. त्याच्या जागी अलॉय आहे. प्रॉमटेलचं कॉन्फिग लिहून झालं असेल तर वाया नाही जाणार, अलॉय कन्व्हर्ट कमांडला सोर्स फॉरमॅट प्रॉमटेल सांगा, तो बदलून देते. नंतर एकदा डोळ्याखालून घाला मात्र.

प्रश्न : नमस्कार. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नवीन जॉइन झाले. माझ्या आधीच्या माणसानं टीडी-एजंट ४ बसवून ठेवलं आहे, अर्धा डझन सर्व्हरवर. लीड म्हणतात अपग्रेड कर पण लॉगची एक ओळ पण हरवायला नको आणि डबल पण नको. रेपोमध्ये नवीन टीडी-एजंट दिसत नाही. काय करू?

उत्तर : ताई, दिसणार नाही कारण ते नावच राहिलं नाही. टीडी-एजंट म्हणजे फ्लुएंटडी या लॉग एजंटचंच तयार पॅकेज, २०२३ पासून त्याचं नाव फ्लुएंट-पॅकेज झालं आणि टीडी-एजंट ४ चा सपोर्ट २०२३ च्या डिसेंबरमध्ये संपला. सर्व्हिसचं नाव आता फ्लुएंटडी, कॉन्फिग /ईटीसी/फ्लुएंट मध्ये. तुमच्या मॉनिटरिंगमध्ये, अन्सिबलमध्ये (अनेक सर्व्हर एकदम सांभाळायचं साधन), कोणाच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) जुनं नाव लिहिलेलं असेल ते आधी शोधून काढा, अपग्रेडच्या रात्री फोन येतात ते त्याच्यामुळेच.

लीडला आधी एक गोष्ट स्पष्ट सांगा, 'हरवायला नको' आणि 'डबल पण नको' हे दोन्ही शंभर टक्के एकत्र मिळत नाही. नीट लावलेला एजंट समोरच्यानं 'मिळालं' म्हटल्यावरच साठलेल्या ओळी सोडते, म्हणून असे एजंट, त्या मधल्या क्षणात बंद पडले तर तेवढ्या ओळी परत पाठवतात. हरवण्यापेक्षा डबल परवडते, असं ठरवून चला.

मग दोन जागा सांभाळायच्या. पहिली म्हणजे पॉस फाइल, कुठवर वाचलं याची नोंद. जुन्या कॉन्फिगमध्ये पॉस फाइल म्हणून जो पत्ता लिहिला आहे, समजा /व्हार/लॉग/टीडी-एजंट मध्ये, तो नवीन कॉन्फिगमध्ये हौसेनं 'नीट' करायला जाऊ नका. पत्ता बदलला की फ्लुएंटडीला वाटते पहिल्यांदाच आलो, आणि मग रीड फ्रॉम हेड ट्रू असेल तर पूर्ण फाइल पुन्हा जाते, फॉल्स असेल (डीफॉल्ट तेच आहे) तर सरळ शेवटी जाऊन बसते आणि बंद असतानाच्या ओळी गायब, एरर सुद्धा येत नाही. यातला दुसरा प्रकार जास्त वाईट कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. पत्ता बदलायचाच असेल तर एजंट बंद करून फाइल सोबत न्या. दुसरी जागा बफर, म्हणजे पाठवायच्या आधी साठलेल्या ओळी. फाइल बफर असेल तर बंद करायच्या आधी एजंटच्या प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल पाठवा, तो साठलेलं सगळं ढकलते. बफर फोल्डर रिकामं झालेलं डोळ्यांनी पाहा, मगच स्टॉप. मेमरी बफर असेल आणि समोरचा सर्व्हर डाउन असेल तर त्या दिवशी अपग्रेड करूच नका.

प्लगिन विसरू नका. आधीच्या माणसानं टीडी-एजंट-जेमनं जे जे टाकलं त्याची यादी आधी काढून ठेवा, कारण नवीन पॅकेजसोबत नवीन रूबी येते आणि ते सगळे फ्लुएंट-जेमनं पुन्हा टाकावे लागतात. 

अपग्रेड करताना डेबियन-उबुंटूवर मधेच थांबून विचारते की कॉन्फिग फाइल तुम्ही बदललेली आहे, नवीन टाकू की जुनीच ठेवू. घाईत वाय दाबू नका, एन म्हणजे तुमची राहते आणि नवीन बाजूला डीपीकेजी-डिस्ट या शेपटीनं ठेवल्या जाते, सकाळी शांतपणे दोन्ही शेजारी लावून बघा. वाय दाबल्या गेलंच तर तुमची जुनी डीपीकेजी-ओल्ड नावानं सापडेल. सेंटॉस-रॉकीवाल्यांकडे ह्याच गोष्टीला आरपीएम-न्यू आणि आरपीएम-सेव्ह म्हणतात. सहाही सर्व्हर एका रात्री करू नका, ज्याचे लॉग कमी महत्त्वाचे तो आधी, मग दोन-चार दिवस थांबा. आणि होऊन गेलं की एपीटी-मार्क होल्ड लावून ठेवा, म्हणजे कोणी सहज अपग्रेड मारलं तर हा सोबत वर जाणार नाही.

इलास्टिकवाल्यांनी पण विचारलं होतं की आधी काय चढवायचं. आधी इलास्टिकसर्च, मग किबाना, मग लॉगस्टॅश, सगळ्यात शेवटी बीट्स (फाइलबीटसारखे एजंट). पाठवणारा घेणाऱ्यापेक्षा नवीन नको. ओपनसर्च (इलास्टिकसर्चपासून फुटून निघालेलं) असेल तर आणखी सांभाळून, फाइलबीट ७.१३ पासून समोर खरंच इलास्टिकसर्च आहे का ते तपासते आणि नसेल तर नाही म्हणते.

प्रश्न : इतवारीतल्या एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम पाहतो. डिस्क १०० टक्के भरली. ॲप्लिकेशनची ४० जीबीची लॉग फाइल डिलीट केली तरी डीएफमध्ये (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) १०० च दाखवते, डीयू (फाइलींच्या साइजची बेरीज) लावलं तर तेवढं काही दिसत नाही. ४० जीबी गेले कुठं?

उत्तर : कुठं गेले नाहीत, तिथंच आहेत. फाइल डिलीट केली म्हणजे फोल्डरमधलं नाव गेलं, पण कोणी प्रोसेसनं ती उघडून धरली असेल तर जागा सुटत नाही. एलएसओएफ प्लस एल१ मारा, नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली दिसतील आणि समोर कोण धरून बसलं ते पण. ॲप्लिकेशन स्वतः असेल, नाहीतर तुमचा लॉगवाला एजंट. एजंट एरवी फाइल डिलीट झाली की सोडून देते, पण लॉग घेणारा सर्व्हर बंद असेल तर तो आधीच्या ओळी पोचवायच्या नादात तिथंच अडकून राहते. ज्यानं धरली त्याला रीस्टार्ट करा, जागा मोकळी होईल. एजंटनं धरलेली असताना त्याला रीस्टार्ट केलं तर न गेलेल्या ओळी गेल्या समजा, कारण फाइल आता नाही.

पुढच्या वेळी चालू फाइल आरएमनं उडवू नका, नाव तसंच ठेवून ट्रंकेट करून शून्य करा, आणि त्याआधी कॉपी, पतसंस्थेचे लॉग आहेत ते. घेणारा सर्व्हर पण एकदा बघा, इलास्टिकसर्चची स्वतःची डिस्क ९५ टक्के झाली की तो इंडेक्स फक्त वाचण्यापुरते करून टाकते, नवीन काही घेत नाही. तिकडची डिस्क भरली म्हणून इकडचा एजंट अडकला आणि इकडची पण भरली, असं जोडीनं होते.

प्रश्न : आमचं धरमपेठला ऑफिस आहे. आधीच्या आयटी वेंडरचा करार संपला, थोडं वाजलं पण त्यांच्याशी. त्यांनी सर्व्हरवर लॉगचे दोन-तीन प्रकार बसवले होते, फ्लुएंटडी होतं हे नक्की, काही ॲप डॉकरमध्ये (कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत) आहेत. नवीन वेंडर म्हणतो फॉरमॅटच करू. फॉरमॅट न करता पूर्ण काढता येईल का?

उत्तर : येईल, फॉरमॅटची काही गरज नाही. पण थोडं वाजलं आहे म्हणता, म्हणून पहिलं काम काढायचं नाही, लॉग परत घ्यायचं. तुमचे मागचे १८० दिवस त्या वेंडरच्या सर्व्हरवर असतील तर एजंट काढायच्या आधी लेखी मागणी करून एक्स्पोर्ट घ्या. एजंट काढला, त्यांनी तिकडे खातं बंद केलं, की झालं.

मग डॉकर, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथं होते. एपीटीनं फ्लुएंटडी काढलं, सगळं चालू आहे, सगळे खुश. महिन्याभरानं लाइट गेली, यूपीएसनं पण हात टेकले, सर्व्हर परत सुरू झाला आणि एकही ॲप उठत नाही. कारण डॉकरला सांगून ठेवलेलं असते की कंटेनरचे लॉग फ्लुएंटडीला दे, आणि असिंकचा पर्याय दिलेला नसेल तर फ्लुएंटडी भेटलं नाही म्हणून कंटेनर सुरूच होत नाही. तर आधी डॉकर इन्स्पेक्टनं प्रत्येक कंटेनरचा लॉग ड्रायव्हर बघा. /ईटीसी/डॉकर मधल्या डेमन जेसन फाइलीत तो बदलून जेसन-फाइल किंवा लोकल करा (जेसन-फाइल घेतलं तर मॅक्स साइज पण लावा, नाहीतर वरच्या इतवारीवाल्या भाऊंसारखं होईल). पण फाइल बदलून डॉकर रीस्टार्ट केलं म्हणजे झालं असं नाही, जुने कंटेनर जन्मतः मिळालेलाच ड्रायव्हर धरून राहतात, ते नव्यानं बनवावे लागतात. कंपोज फाइलीत लॉगिंग म्हणून लिहिलं असेल तर तिथंही बदला. डेटा व्हॉल्यूममध्ये आहे ना ते बघूनच कंटेनर पाडा.

हे झालं की मग बाकीचं: सर्व्हिस स्टॉप, डिसेबल, मग एपीटी पर्ज. रिमूव्ह नाही, पर्ज, म्हणजे /ईटीसी मधलं कॉन्फिगही जाईल, त्यात पासवर्ड असतात. डीपीकेजी-एलच्या यादीत डावीकडे आरसी असं लिहिलेलं दिसलं तर समजायचं प्रोग्राम गेला, कॉन्फिग राहिलं. पर्जनंतर पण /व्हार/लिब आणि /व्हार/लॉग मधली फोल्डरं बरेचदा राहतात, हातानं बघा. जे झिप किंवा टारमधून बसवलं ते एपीटीला माहीतच नसते, त्यासाठी /ऑप्ट, /यूएसआर/लोकल आणि सिस्टमडीच्या फोल्डरमधल्या सर्व्हिस फाइली चाळा. इलास्टिक एजंट निघाला तर त्याची स्वतःची अनइन्स्टॉल कमांड आहे, पण वेंडरनं टॅम्पर प्रोटेक्शन लावून ठेवलं असेल तर तिला टोकन लागते आणि ते त्यांच्याच कन्सोलमध्ये असते. भांडण वाढायच्या आत मागून घ्या.

पॅकेज काढल्यानं जात नाही असं पण काही असते. /ईटीसी/आरसिसलॉग.डी मध्ये एखादी दोन ओळींची फाइल, जी तुमचे लॉग अजून बाहेर पाठवून राहिली. ही सगळ्यात जास्त राहते आणि सगळ्यात जास्त नडते, कारण आरसिसलॉग तर तुमचाच आहे, कोणी त्याच्यावर संशय घेत नाही. मग एपीटीच्या सोर्सेसमध्ये त्यांची रेपो आणि तिची किल्ली, एडीएम ग्रुपमध्ये घुसवलेला युजर, रूटचं क्रॉनटॅब, ऑथोराइज्ड कीजमधल्या ओळी, फायरवॉलमध्ये उघडलेले पोर्ट. फ्लुएंटडीचा २४२२४ असते, बीट्सचा ५०४४, साध्या सिस्लॉगचा ५१४. एसएस कमांडनं बघा यातलं काही अजून ऐकत बसलं आहे का, आणि बाहेर कुठं कनेक्शन जाऊन राहिलं का.

नवीन वेंडरचा एजंट जुना पूर्ण निघाल्यावरच बसवा, दोघं एकाच वेळी नकोत. मधले एक-दोन दिवस लॉग सर्व्हरवरच साठू द्या, फक्त लॉगरोटेट तेवढ्यात उडवणार नाही ना ते पाहून घ्या. आणि सगळं झालं की रविवारी, ऑफिस बंद असताना, सर्व्हर मुद्दाम एकदा रीबूट करा, सिस्टमसीटीएलच्या फेल्ड यादीत काही लाल दिसते का बघा, आणि डॉकर पीएसमध्ये सगळे कंटेनर उठले का मोजा. नवीन वेंडरचा माणूस त्या वेळी समोर बसलेला असू द्या, बिल द्यायच्या आधी.